लॉख ऑ वरची फेरॉक्स ट्राउट ट्रिप : गाईडला पाच स्टार, वेबसाईटला दोन

आधीच सांगून टाकते, मोठ्ठा मासा कवेत धरून फोटो काढायचा एवढ्याच हौसेने ही ट्रिप बुक करणार असाल तर करू नका, पैसे पाण्यात जातील आणि तेही ९० मीटरपेक्षा खोल पाण्यात. पण तळ्याच्या तळाशी नक्की काय चाललेलं असतं, तिथे कोण कोणाला खातं, एक ट्राउट वीस वर्षं जगून एवढा धिप्पाड कसा काय होतो याची ज्याला खाज आहे त्याने डोळे झाकून जावं. मी दुसऱ्या गटातली, माझे दीर पहिल्या गटातले, आणि आम्ही दोघं एकाच बोटीत, त्यामुळे या रिव्ह्यूमध्ये दोन्ही बाजू येतील. (नवऱ्याला बोट लागते म्हणून तो ग्लासगोलाच थांबला, त्याचं मत शून्य धरा.)

सर्व्हिस म्हणजे काय तर स्कॉटलंडमधल्या लॉख ऑ या तळ्यावर दिवसभराची गाईडेड बोट, दोन जण आणि एक गाईड, रॉड, रील, ल्युअर (म्हणजे माशासारखं दिसणारं खोटं आमिष) सगळं त्यांचं, मासा फक्त एकच टारगेट, फेरॉक्स ट्राउट. बुकिंग एका एजन्सीच्या वेबसाईटवरून, गाईड मात्र स्वतंत्र माणूस, तो अशा दोन-तीन ठिकाणांहून कामं घेतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण माझ्या सगळ्या तक्रारी एजन्सीबद्दल आहेत आणि सगळं कौतुक त्या माणसाचं. नावं कोणाचीच देत नाहीये.

ज्यांना फेरॉक्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधा ब्राउन ट्राउट किडे, अळ्या, गोगलगायी असलं खाऊन जगतो आणि या थंड, पोषण कमी असलेल्या पाण्यात अर्धा किलोचा झाला तरी बरा म्हणायचा. त्यातलेच काही मोजके ट्राउट साधारण फूटभर लांबीचे झाले की आहार बदलतात आणि मासे खायला लागतात, मुख्यतः आर्क्टिक चॅर. हा चॅर म्हणजे हिमयुग संपताना या तळ्यांमध्ये अडकून राहिलेला, खोल थंड पाण्यात थव्याने फिरणारा मासा. तर एकदा चॅरची चटक लागली की तोपर्यंत रडतखडत वाढणारा ट्राउट जो सुटतो तो सुटतोच, दरवर्षी वजन वाढत जातं, वयात पण उशिरा येतो आणि पंधरा-वीस वर्षं आरामात जगतो. म्हणजे खोल तळं हवं, चॅर हवेत, आणि भरपूर वर्षं हवीत, या तीन गोष्टी जिथे जमतात तिथेच बहुतेक हा प्रकार. स्कॉटलंडमध्ये लॉख ऑ, लॉख रॅनोख, लॉख नेस, लॉख क्वॉइख, आणि आयर्लंडमध्ये लॉख कॉरिब, लॉख मास्क, लॉख मेल्विन. 

आता हा वेगळा मासा की नुसता माजलेला ब्राउन ट्राउट यावर लोक दीडेकशे वर्षांहून जास्त भांडतायत. विल्यम जार्डिन यांनी १८३५ मध्ये याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं, मग पुढे शास्त्रज्ञ म्हणाले नाही नाही सगळे ट्राउट एकच, आणि मग बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू फर्ग्युसन वगैरे मंडळींनी लॉख मेल्विनमधल्या माशांची जनुकं तपासली तर तिथे एकाच तळ्यात तीन प्रकारचे ट्राउट निघाले, गोगलगायी खाणारा गिलारू, पाण्यातले सूक्ष्म जीव खाणारा सोनाहन आणि मासे खाणारा फेरॉक्स, आणि तिघांच्या अंडी घालायच्या जागा वेगवेगळ्या. एकाच घरात राहून तीन चुली. अर्थात मेल्विनमध्ये आहे म्हणून सगळीकडे तसंच असेल असं नाही, हे मला गाईडने बोटीत बसल्या बसल्या समजावलं आणि तेवढ्यावरच माझे अर्धे पैसे वसूल झाले होते.

बरं, वेबसाईट. उघडल्या उघडल्या समोर काय तर राक्षसासारखे ट्राउट हातात घेतलेले लोक, एकापेक्षा एक, आणि वर मोठ्या अक्षरात ब्रिटिश रेकॉर्ड इथलाच! आता हे खोटं नाहीये. मार्च २००२ मध्ये ब्रायन रटलँड यांनी याच लॉख ऑ मध्ये ३१ पाउंड १२ औंसाचा, म्हणजे १४ किलोच्या वरचा ट्राउट पकडला, तो ब्रिटिश रेकॉर्ड. त्याच्या पण आधी १८६६ साली याच तळ्यात म्युइर नावाच्या गृहस्थांना साडेएकोणचाळीस पाउंडाचा लागला होता म्हणतात, पण आता दाखवायला काही उरलेलं नाही म्हणून तो धरत नाहीत. खरं आहे सगळं, पण वेबसाईट हे अशा थाटात मांडते की वाचणाऱ्याला वाटावं आपण गेलो की निदान दहा पाउंडाचा तरी कुठे गेला नाही. माझ्या दिरांना तसंच वाटलं. येताना त्यांनी फोटोसाठी वेगळं जॅकेट आणलेलं, लाल, म्हणजे फोटोत उठून दिसावं म्हणून.

आणि इथेच माझा पहिला स्टार कापला गेला, कारण सर्व्हिस विकताना तुम्ही हे सांगायलाच हवं की हा मासा मुळात किती कमी असतो. लॉख रॅनोखमध्ये १९९४ ते २००९ अशी वर्षानुवर्षं फेरॉक्स पकडून, टॅग लावून, सोडून, परत कोणता सापडतो ते बघून अंदाज काढला तर पंधरा किलोमीटर लांबीच्या त्या सगळ्या तळ्यात फेरॉक्स शंभराच्या आतच निघाले. शंभराच्या आत! आता विचार करा, एवढं लांबरुंद आणि एवढं खोल पाणी, त्यात शंभरसुद्धा मासे नाहीत, आणि त्यातला एक तुमच्या दोन इंची चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याजवळून जायला हवा, त्या वेळी त्याला भूक हवी, आणि त्याने तोंड उघडायला हवं. लॉख ऑ तर लांबीला ४० किलोमीटर, स्कॉटलंडमधलं सगळ्यात लांब गोड्या पाण्याचं तळं. हा हिशोब वेबसाईटवर कुठेच नाही. गाईडने मात्र बोट सोडायच्या आधी, जेट्टीवर उभं राहूनच सांगितला. म्हणाला, आज काही न मिळणं हेच नॉर्मल आहे, मिळालं तर तो अपवाद, आणि हे तुम्हाला मान्य नसेल तर आत्ताच सांगा, आपण पाइक या दुसऱ्या माशाच्या मागे जाऊ, ते मिळतात. दिरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला म्हणाले, "वहिनी, हे तुम्हाला आधी माहीत होतं ना?" मी लाइफ जॅकेटची झिप लावत होते, ऐकू आलं नाही असं दाखवलं.

त्या झिपवरून आठवलं, लाइफ जॅकेट एक चांगलं नवीन होतं आणि एक जरा जुनाट, झिप अडकत होती. गाईडने लगेच बदलून स्वतःचं दिलं आणि जुनं स्वतः घातलं, हे चांगलं की वाईट मला ठरवता येईना, पण एवढे पैसे घेता तर तीन धड जॅकेटं ठेवा की. पाणी त्या दिवसांत भयंकर गार असतं, मे महिना असला तरी, हात बुडवला की बोटं बधीर. बोट मात्र मस्त, रुंद, स्थिर, पुढे छोटी केबिन, त्यात पाऊस आला की दोघांना दाटीवाटीने बसता येतं. पाऊस आला, अर्थातच.

आता प्रत्यक्ष मासेमारी. याला ट्रोलिंग म्हणतात, म्हणजे बोट माणूस चालतो तेवढ्याच वेगाने हळूहळू पुढे जात राहते आणि मागे रॉडला बांधलेले ल्युअर पाण्यातून ओढले जातात, माशासारखे डुलत. गळ टाकून झाडाखाली बसायचं हे डोक्यात असेल तर ते विसरा. मासा इतका विरळ आहे की एका जागी बसून राहिलात तर वर्ष जाईल, त्यामुळे जास्तीत जास्त पाणी पिंजून काढायचं हाच उपाय. आमच्या बोटीला चार रॉड लावलेले, त्यातले दोन बाजूंना पसरून, ल्युअर वरच्या थरात, आणि बाकीचे दोन डाउनरिगरवर. हा डाउनरिगर प्रकार मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला आणि मला फारच आवडला. बोटीच्या मागच्या कठड्याला एक छोटं चाक, त्यावर स्टीलची तार, तारेच्या टोकाला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा. रॉडची लाइन त्या तारेला एका चिमट्यात अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा, वीस मीटर, पंचवीस मीटर, जितकं हवं तितकं, चाकावर आकडा दिसतो. मग लाइन ताणून घ्यायची, इतकी की रॉड कमानीसारखा वाकून उभा राहतो. आणि दिवसभर तो तसाच वाकलेला असतो! गंमत अशी की मासा लागला की रॉड आधी वाकत नाही, उलट सटकन सरळ होतो, कारण लाइन चिमट्यातून सुटते, आणि मग एक-दोन क्षणांनी खाड्कन खाली जातो. गाईडने हे तीनदा सांगितलं, सरळ झाला की धावा, वाकायची वाट बघू नका. 

जिवंत मासा आमिष म्हणून लावायला स्कॉटलंडमध्ये बंदी आहे, मेलेला चालतो, पण आमच्याकडे एका रॉडवर मेलेला छोटा ट्राउट आणि बाकी सगळे ल्युअर होते, लांबुळके, लाकडी-प्लॅस्टिकचे, काही चॅरसारखे पोटाकडे नारिंगी रंगवलेले. सगळ्या गळांचे काटे घासून गुळगुळीत केलेले, म्हणजे मासा सोडताना जखम कमी होते. हे बघून मला बरं वाटलं, कारण एवढा म्हातारा मासा पकडून मारून टाकणं मला तरी पटत नाही, आणि गाईडचा पण नियम होता, बोटीत आलेला प्रत्येक फेरॉक्स परत पाण्यात जाणार, नाही पटत तर दुसरा गाईड बघा. 

यातलं सगळ्यात भारी म्हणजे फिश फाइंडरचा स्क्रीन. मी खरं तर दिवसातला निम्मा वेळ त्याच्यासमोरच बसले होते. खाली तळाची जाड रेघ, जशी बोट पुढे जाईल तशी ती रेघ आडवी चालली असते, बारा मीटर, चौदा मीटर, आणि मग अचानक कडा येते आणि रेघ खाली कोसळते, तीस, पन्नास, सत्तर, आणि शेवटी स्क्रीनच्या बाहेरच. आणि त्या कड्याच्या बाहेर, मधल्या पाण्यात, वीसेक मीटरवर धुरकट ठिपक्यांचा पट्टा, चॅर. मला आधी वाटलं मशीन बिघडलंय. गाईड म्हणाला हेच तर आपण शोधतोय, आणि आता पट्ट्याच्या खाली बघ. पट्ट्याच्या खाली, थव्यापासून जरा अंतर राखून, एक एकटी जाड कमान आली आणि गेली. बस, एवढंच. ती फेरॉक्स होती असं तो छातीठोकपणे म्हणाला नाही, म्हणाला काहीतरी मोठं आहे आणि ते चॅरच्या खाली आहे, बाकी तुझं तू ठरव. डाउनरिगर त्याने त्या पट्ट्याच्या किंचित वर लावले, कारण ट्राउट खाली बघून नाही तर वर बघून शिकार करतो, वरून येणाऱ्या उजेडात त्याला माशाची काळी आकृती दिसते. एवढी साधी गोष्ट, पण मी हे कधी डोक्यातच घेतलं नव्हतं.

मग चार तास काहीच नाही. म्हणजे अक्षरशः काहीच नाही. तळ्याच्या ईशान्य टोकाला किलखर्न किल्ल्याचे अवशेष, समोर बेन क्रूअखन, ढगात अर्धा गेलेला, हे सगळं सुंदर आहे पण किती वेळ बघणार, दिरांनी तिसऱ्या तासाला फोन काढला आणि तिथे रेंज नव्हती. गाईडने मधे क्रूअखनच्या पोटातल्या वीज केंद्राबद्दल सांगितलं, १९६५ पासून चालू आहे, डोंगर पोखरून आत टर्बाइन बसवलेत आणि स्वस्त वीज असते तेव्हा याच तळ्याचं पाणी वर डोंगरातल्या धरणात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करतात. दिरांना मासे सोडून बाकी सगळ्यात रस आला, त्यांनी त्यावरच अर्धा तास प्रश्न विचारले, इंजिनिअर माणूस. पाण्यात मधेच झाडं उगवलेली छोटी गोल बेटं दिसतात ती पण माणसांनी बांधलेली, क्रॅनॉग म्हणतात, हजारो वर्षांपूर्वी लोक त्यावर घरं करून राहायचे.

जेवणाचं पॅकेजमध्ये लिहिलंय हॉट लंच. हॉट म्हणजे थर्मासमधलं सूप आणि गार सँडविच. सूप छान होतं, मसूर आणि भाज्यांचं. व्हेज आधी सांगितलं तर व्हेज देतात, पण दिरांचं नॉनव्हेज सांगितलेलं असताना त्यांना पण व्हेजच आलं, किरकोळ. बायकांसाठी महत्त्वाचं, बोटीवर टॉयलेट नाही, हे वेबसाईटवर लिहिलेलं नाही आणि लिहायला हवं. सांगितलं की गाईड बोट काठाला लावतो, झाडी भरपूर आहे, पण पावसात ओल्या शेवाळ्यावरून चढून जायचं म्हणजे कसरत आहे, चांगले बूट घालून जा.

आता एक गोष्ट जी मला कुठल्याच रिव्ह्यूमध्ये दिसली नाही आणि जी मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली. तळ्यात माशांची शेती आहे, म्हणजे पाण्यात तरंगणारे जाळीचे गोल पिंजरे, आत रेनबो ट्राउट वाढवतात. पिंजऱ्यांच्या आसपास खाली पडलेलं खाद्य खायला जंगली मासे जमतात, कधी पिंजऱ्यातले रेनबो निसटतात, आणि मोठ्या ट्राउटला आयतं ताट मिळतं. लॉख ऑ चे जे प्रचंड वजनाचे मासे आहेत त्यांच्याबद्दल जाणकारांत कुजबुज याचीच असते, की हा खरा चॅर खाऊन वाढलेला फेरॉक्स की पिंजऱ्याच्या कडेला बसून लठ्ठ झालेला ट्राउट? मी गाईडला सरळ विचारलं की मग आपण पिंजऱ्याजवळ का नाही जात, मासा मिळायचा चान्स तिथेच जास्त ना. तर म्हणाला, जातात लोक, मी पण गिऱ्हाईक फारच हट्टाला पेटलं तर जवळून एक चक्कर मारतो, पण मला विचारशील तर तिथे पकडलेला वीस पाउंडाचा आणि इथे कड्यावर चॅरच्या खाली पकडलेला आठ पाउंडाचा यात मी आठवाला घेईन. हे ऐकून दीर माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे वीस पाउंडाचा सोडून आठचा? मला मात्र त्या माणसाचं पटलं. आणि वेबसाईटवरचे ते सगळे फोटो आठवले आणि वाटलं की यातले किती पिंजऱ्यापाशी काढलेले असतील, आणि ते सांगायला नको का? मी एजन्सीला मेल करून विचारलं पण. उत्तर आलं, आमच्या सगळ्या ट्रिप अविस्मरणीय असतात. बरं.

दुपारी पाऊस थांबला, वारा पडला, आणि दीर सँडविचचा दुसरा तुकडा तोंडात कोंबत असताना त्यांच्या बाजूचा डाउनरिगरचा रॉड सटकन सरळ झाला. मी ओरडले, गाईड ओरडला, आणि दीर सँडविच धरून बघत बसले, वाकायची वाट बघत. मग वाकला. इतका वाकला की टोक पाण्यात. त्यांनी रॉड उचलला तेव्हा मला खात्री होती की काही उरलं नसणार, पण होता, आणि रील जे कर्रर्र करत सुटलं. गाईडने एका हाताने बाकीच्या लाइनी गुंडाळायला घेतल्या, इंजिन न्यूट्रल केलं, आणि सगळा वेळ अगदी शांत आवाजात दिरांना सांगत राहिला, जाऊ दे, जाऊ दे, आता घे, थांब, जाऊ दे. हा मासा उड्या वगैरे मारत नाही बरं का, सॅमन माशासारखं नाटक नाही, तो खाली जातो, डोकं हलवतो, आणि जड वजनासारखा तिथेच राहतो. दहाएक मिनिटांनी वर आला, पाण्याखाली आधी पिवळट तपकिरी झाक दिसली आणि मग डोकं.

डोकंच खरं तर. शरीराच्या मानाने डोकं मोठं, खालचा जबडा पुढे आलेला, आणि तोंड फाकलं की आत दातांची ओळ, जिभेवर पण दात. अंगावर मोठे काळे ठिपके, काही एक्स आकाराचे, आणि लाल ठिपके जवळजवळ नाहीतच. बोटीत घेतलाच नाही, रबरी जाळीच्या मोठ्या जाळ्यात पाण्यातच ठेवला, गळ पक्कडीने काढला, जाळ्यासकट एका सेकंदात वजन, सात पाउंडाला थोडं कमी. मग गाईडने दोन्ही कुशींचे फोटो काढले, डोक्याजवळचे क्लोजअप, कारण ठिपक्यांची रचना प्रत्येक माशाची वेगळी असते आणि हाच मासा परत कधी लागला तर ओळखू येतो. त्याच्याकडे अशा फोटोंची फाइल आहे. दिरांना फोटोसाठी जो वेळ मिळाला तो दहा सेकंद, पाण्यावर वाकून, मासा अर्धा पाण्यात. लाल जॅकेट पावसामुळे केबिनमध्ये काढून ठेवलेलं, फोटोत आहेत ते जुन्या राखाडी स्वेटरमध्ये, आणि हसतायत असे की मी त्यांना लग्नातही तसं हसताना पाहिलं नाही. त्यानंतर मासा शेपटी धरून पाण्यात सरळ उभा धरला, कल्ले हलायला लागले, एक झटका, गेला.

दिरांनी लगेच विचारलं, फेरॉक्स ना? गाईड म्हणाला, मोठा ट्राउट आहे, मासे खाणारा आहे, चॅरच्या थरात लागला, माझ्या मते हो, पण खवले बघून वय काढल्याशिवाय आणि जनुकं तपासल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही. पैसे घेतलेल्या गिऱ्हाईकाला, जो आनंदाने नाचतोय, त्याला असं उत्तर देणारा माणूस मी तरी कमी पाहिलाय. हो फेरॉक्स, मस्त फेरॉक्स, अभिनंदन, असं म्हणून मोकळा झाला असता तर टिप जास्त मिळाली असती. (टिप तशीही दिली, दिरांनीच दिली, न सांगता.) आणि एजन्सीने काय केलं माहितीये, तो फोटो दोन दिवसांत त्यांच्या पेजवर, खाली लिहिलंय, आमच्या पाहुण्यांचा दहा पाउंडी फेरॉक्स. गाईडने वजन लिहून दिलं होतं! मी मेसेज केला, अजून तसंच आहे. दुसरा स्टार इथे गेला. तिसरा कशाबद्दल ते खाली.

पैशांचं. दोघांत मिळून दिवसाचे तीनशेच्या वर पाउंड जातात, जे गाईड, बोट, पेट्रोल, सामान बघता ठीक आहे असं माझं मत, या भागात साधारण असेच दर ऐकले. पण परमिट वेगळं, हे पेमेंट झाल्यावर आलेल्या मेलमध्ये बारीक अक्षरात. स्कॉटलंडमध्ये इंग्लंडसारखं सरकारी रॉड लायसन्स लागत नाही पण ज्याच्या हक्काचं पाणी त्याची परवानगी लागतेच, ते परमिट स्वस्तच असतं, दुःख रकमेचं नाही, लपवण्याचं आहे, तिसरा स्टार याचाच. तसंच वॉटरप्रूफ कपडे भाड्याने मिळतात, त्याचे वेगळे, ते पण आधी सांगत नाहीत. स्वतःचे न्या, आणि दोन जोड सॉक्स जास्तीचे.

कधी जावं तर ब्राउन ट्राउटचा सीझन कायद्याने १५ मार्च ते ६ ऑक्टोबर, त्याबाहेर कोणी फेरॉक्स ट्रिप विकत असेल तर पळा. मार्च-एप्रिल थंडीने जीव जातो पण जाणकार तेव्हाच जातात, जुलै-ऑगस्टमध्ये काठावर मिज नावाचे बारीक चावरे किडे असतात, बोट मधे असली की त्रास कमी पण जेट्टीवर उभं राहवत नाही. आम्हाला मे बरा गेला. रविवारी सॅमन पकडायला बंदी असते, ट्राउटला नाही, त्यामुळे वीकेंडला पण जाता येतं, फक्त बुकिंग लवकर भरतं. लहान मुलांना नेऊ नका, दहा मिनिटांच्या थरारासाठी सात तास गप्प बसवणं कोणाच्याच भल्याचं नाही. वयस्कर माणसांना बोटीत चढता-उतरताना जरा अवघड आहे पण गाईड हात देतो, बसायची सीट गादीची आहे, पाठीला आधार आहे. 

वारा जास्त असेल तर ट्रिप रद्द होते, कारण तळं लांब आणि अरुंद असल्याने नैऋत्येचा वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा येतात, आणि अशा वेळी गाईडचा शब्द शेवटचा, हे योग्यच आहे. रद्द झाल्यास दुसरी तारीख देतात, पैसे परत नाहीत. भारतातून सुट्टीवर येऊन हे करणार असाल तर हा मुद्दा नीट बघा, कारण दुसरी तारीख घेऊन करणार काय. आमच्या आधीच्या दिवशीच्या जोडप्याचं असंच झालं म्हणे, ते विमान पकडून गेले.

बुकिंग करायचंच असेल तर एजन्सीला टाळून थेट गाईडला गाठता येतं का बघा, काठावरच्या गावांत आणि टॅकलच्या, म्हणजे मासेमारीच्या सामानाच्या, दुकानात विचारलं की नंबर मिळतात. आणि फोनवर त्याला दोनच प्रश्न विचारा, मासा सोडतोस का आणि पिंजऱ्याजवळ नेतोस का, उत्तरं ऐकून माणूस कळतो. पावती आम्हाला त्याच दिवशी मिळाली नव्हती, दोनदा मागितल्यावर आली, त्यात परमिटचे पैसे चुकून दोनदा लावलेले, ते अजून परत यायचेत.